पाच रुपयांचं पाकीट

बेळगाव,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

पोस्टमननं पाकीट हातात दिल्यावर आधी तुझ्या पोटात गोळा आला असेल. कोण गेलं? कुणी गेलेलं नाही. दीड महिना मी व्हॉट्सअपवर नाही, तुझ्या वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्रसुद्धा टाकलो नाही, त्याचा हा खुलासा. ('टाकलो नाही' वाचून हसलास ना? पुण्यात राहून तुझं 'टाकलं नाही' झालं असणार.) पाडव्यापासून घरातला टीव्ही बंद आणि माझ्या फोनचं नेट बंद.

सुरुवात हलग्यातून झाली. ताईला तिथं दिलंय, तुला माहीत आहे. विधानसभेच्या सुवर्णसौधाशेजारच्या त्या गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि नऊपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद ठेवून पोरांना अभ्यासाला बसवायचं. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावनं असला भोंगा २०२२ लाच सुरू केला होता. यंदाच्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो, तेव्हा नेमका भोंगा झाला. ताईनं टीव्ही बंद केला, एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, भाची वही उघडून बसली. मी आपला रील सरकवतोय. पोरगी काही बोलली नाही, नुसती माझ्या अंगठ्याकडं बघत राहिली. फोन उपडा ठेवलो. पुढं दोन तास, मर्दा, हात कुठं ठेवायचे तेच कळेना!

तरी मनावर घ्यायला दिवाळी उजाडली. फोननंच हिशेब दाखवला होता, रोजचे चार तास चाळीस मिनिटं. लेथवर मी उभा असतो आठ तास. म्हणजे अर्ध्याहून जास्त पाळी मी फुकट करत होतो.

उद्यमबागेत कामाची ड्रॉइंगं कारखान्याच्या फोनवर येतात, ती अडली नाहीत. खडेबाजारात सुट्ट्या पैशांवरून रोज वाद होतो, तेवढाच त्रास. घरात मात्र मजा झाली. आप्पा पहिले चार दिवस बंद टीव्हीसमोरच खुर्ची टाकून बसायचे. पाचव्या दिवशी तीच खुर्ची उचलून दारात नेली. तुझ्या वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमचं व्रत तुम्ही करा." आणि ती शेजारच्या कानडी अज्जांच्या घरी कन्नड मालिका बघायला जाऊ लागली. आठवडाभरानं म्हणते, "भाषा निम्मी कळत नाही, पण सासू तीच आहे." आता मालिकेत काय झालं ते न सांगता परत येते. फक्त वेळ झाली की पाय तिकडं वळतात.

वाचनाची फुशारकी मारणार नाही. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयातून, १८४८ सालच्या, मोठ्या उत्साहानं जाडजूड कादंबरी आणली. चाळीस पानांवर खूण आहे. झोप मात्र झकास लागते.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. गेल्या वर्षी एक नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाला आणि आपल्या काळ्या दिवसाला, ग्रुपवर एक व्हिडिओ आला, एसटीच्या काचा फोडतायत, खाली लिहिलेलं 'आत्ताच, आपल्या बेळगावात'. मी रागानं चार ग्रुपांवर पाठवलो. नंतर कळलं, ते कितीतरी वर्षं जुनं होतं. पण तोवर अज्जांशी मी आठ दिवस नीट बोललो नव्हतो. त्या माणसानं काय केलं होतं? काही नाही. दाराशी बसून रोजच्यासारखं "ऊट आयता?" (जेवण झालं का?) विचारत होते, आणि मी मान हलवून आत.

यंदा नेट नाही, त्यामुळं एक नोव्हेंबरला मला फक्त डोळ्यांसमोरचं बेळगाव दिसलं. काळा शर्ट घालून फेरीला गेलो. सीमाप्रश्नाचं माझं मत तसूभर बदललेलं नाही, ते तू जाणतोसच. १९५६ पासूनचं दुखणं फोन बंद केल्यानं थोडंच जातं? परत आलो तर अज्जांच्या नातवाच्या गाडीला कानडी लाल-पिवळा झेंडा, आणि अज्जा कट्ट्यावर. माझा शर्ट बघितला, झेंड्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "बसा की, चहा ठेवलाय." शर्ट न बदलताच बसलो. भाताची सुगी, मजुरांचे दर, अवकाळीनं भिजलेलं गवत, हेच बोललो. दोन कप चहा झाला.

तुझ्या वहिनीशी तह झालाय, नव्या वर्षापासून टीव्ही सुरू, पण सात ते नऊ बंद. नेटचं अजून ठरवलेलं नाही. भीती वाटते, खरं सांगतो. उघडलं की पहिल्यांदा तोच ग्रुप वर येणार.

संक्रांतीला येतोस का? मसूर तोवर चांगला असेल, आणि तुझ्यासाठी कुंदा आणून ठेवतो. येणार असशील तर पत्रानं कळव. पाकीट पाच रुपयांना मिळतं, आणि पत्ता जुनाच आहे. आप्पांना तुझं अक्षर ओळखू येतं का, तेही बघू.

तुझाच,
बाकावरचा शेजारी