‘गाडी मोकळी’ कधी म्हणायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयाच्या दारात रुग्णवाहिका नुसत्या उभ्या असतात आणि फोन करणाऱ्याला मात्र ‘जवळ गाडी नाही’ असं ऐकावं लागतं, अशी तक्रार करणारं एका वाचकाचं पत्र आपल्या पत्रव्यवहारात वाचलं. त्यांचा राग मला समजतो. मी आधी 6 वर्षं रुग्णवाहिकेवर सहायक होते आणि पुढची 17 वर्षं कंट्रोल रूममध्ये डिस्पॅचला, म्हणजे फोन घेऊन कोणती गाडी कुठे पाठवायची ते ठरवण्याच्या कामावर. ‘गाडी मोकळी’ हे दोन शब्द मी वायरलेसवर सांगितलेही आहेत आणि ऐकलेही आहेत. त्या दोन शब्दांबद्दलच लिहिते.

दारात उभी दिसणारी गाडी पुष्कळदा मोकळी नसतेच. तिचा रुग्ण आत बोळात तिच्याच स्ट्रेचरवर असतो, कारण खाट मिळालेली नसते. आणि खाट मिळेपर्यंत कर्मचाऱ्यांना त्याला सोडून निघता येत नाही. तो प्रश्न रुग्णालयांचा आहे, मोठा आहे, त्यात मी आज शिरत नाही. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वेळेबद्दल. खाट मिळाली, डॉक्टरांना माहिती दिली, सही झाली. आता गाडी मोकळी झाली का?

सहायक असताना एका रात्री मी ‘झाली’ असं सांगितलं. लागोपाठ चौथा कॉल होता, कंट्रोलवरून सारखं ‘लवकर मोकळे व्हा’ चाललं होतं, आणि स्ट्रेचर अजून हातात असतानाच मी वायरलेसचं बटण दाबलं. दोन मिनिटांत पुढचा कॉल आला: तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, श्वास लागलेला. हातातला लहान सिलिंडर घेऊन वर धावलो. अशा सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण 400 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 15 लिटर सोडला तर तो अर्धा तासही पुरत नाही. आमचा तर आधीच्या रुग्णाला अर्धाअधिक वापरलेला, आणि बदलायचा राहिलेला. आजोबांना खाली आणताना पहिल्या मजल्याच्या वळणावर काटा शून्यावर टेकला. त्यांची सून औषधांची पिशवी छातीशी धरून मागून येत होती. तिने विचारलं, ‘संपला का?’ मी ‘हो’ म्हटलं. खाली गाडीतला मोठा सिलिंडर भरलेला होता म्हणून निभावलं. पण तो जिना उतरेपर्यंतचा वेळ माझ्या घाईने त्यांच्या वाट्याला आला होता.

सिलिंडर हे एक झालं. सक्शनची (घशातली लाळ, रक्त ओढून घेणाऱ्या यंत्राची) बाटली, मॉनिटरची बॅटरी, संपलेली इंजेक्शनं, रक्ताने भिजलेली चादर, हे सगळं पुढच्या माणसासाठी पुन्हा लावायचं असतं. जंतुनाशकाने पुसून लगेच कोरडं करून चालत नाही; डब्यावर लिहिलेली मिनिटं ते ओलं राहावं लागतं. रुग्णाची नोंदही तेव्हाच लिहावी. दोन कॉलनंतर कुणाचा रक्तदाब किती होता, हे आठवत नाही.

आता दुसरी बाजू. मी डिस्पॅचला असताना एका बाईंचा फोन आला. नवरा कोसळला होता, श्वास चालत नव्हता. मी सांगत होते तशा त्या छाती दाबत होत्या, मोठ्याने आकडे म्हणत. पडद्यावर त्यांच्या जवळची गाडी लाल होती, ‘रुग्णालयात’. मी 11 मिनिटांवरची पाठवली. दुसऱ्या दिवशी नोंदी तपासताना कळलं की त्या लाल गाडीने रुग्ण 20 मिनिटांपूर्वीच सोपवला होता. सफाई झाली होती, सामान लागलं होतं, सांगायचं तेवढं राहिलं होतं. दोघेही दमलेले होते, हे मला मान्य आहे. ते गृहस्थ गेले. ती गाडी गेली असती तर वाचलेच असते, असा दावा मी करणार नाही. पण हृदय बंद पडल्यावर कुणी छाती दाबत नसेल, तर शॉक मिळायला उशीर होणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. त्या बाई छाती दाबत होत्या म्हणून थोडा अवधी होता, आणि तो मी वापरू शकले नाही.

त्या कॉलला स्ट्रेचर पुसलेलं असण्याचीही गरज नव्हती. शॉक देण्याचं यंत्र आणि दोन माणसांचे हात, एवढंच आधी पोहोचायला हवं होतं. म्हणून माझं म्हणणं असं की एका शब्दाचे दोन करा. रुग्ण सोपवला, त्या क्षणी ‘सोपवला’. गाडी पुन्हा लागली की ‘तयार’. या दोहोंच्या मधे डिस्पॅचने त्यांना फक्त श्वास बंद, हृदय बंद, घशात काही अडकलेलं, न थांबणारा रक्तस्राव, असल्याच कॉलला बोलवावं. आणि बोलावल्यावर गाडीने काय कमी आहे ते तिथल्या तिथे सांगावं. ‘येतो, पण लहान सिलिंडर रिकामा आहे.’ म्हणजे मागून दुसरी गाडीही काढता येते.

मधला वेळ किती असावा? इंग्लंडमध्ये रुग्ण सोपवायला 15 मिनिटं आणि त्यानंतर गाडी तयार करायला 15 मिनिटं असं मोजमाप आहे. अंदाज म्हणून ते ठीक वाटतं. मात्र 15 मिनिटं भरली की संगणकाने गाडी आपोआप हिरवी करावी, म्हणजे पडद्यावर मोकळी दाखवावी, याला माझा ठाम विरोध आहे. 26 ऑक्टोबर 1992 रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने डिस्पॅचचं काम नव्या संगणक प्रणालीवर नेलं. प्रत्येक गाडी कुठे आहे, कोणत्या स्थितीत आहे, हे आपल्याला बिनचूक कळतंय असं धरूनच ती चालायची. प्रत्यक्षात काही संदेश पोहोचत नव्हते, काही बटणं चुकीच्या क्रमाने दाबली जात होती, काही दाबलीच जात नव्हती. पडद्यावरचं चित्र आणि रस्त्यावरचं चित्र यांची फारकत होत गेली. एका जागी एकाहून अधिक गाड्या पोहोचल्या, कुठे जवळची सोडून लांबची गेली. दुसऱ्याच दिवशी बरंचसं काम पुन्हा हाताने करावं लागलं. आपोआप हिरवी होणारी गाडी हा त्याच जातीचा घोटाळा आहे. ‘तयार’ हा शब्द गाडीवरच्या माणसानेच उच्चारला पाहिजे. वेळ लागणार असेल तर कारणासह सांगावं: ‘अजून 10 मिनिटं, गाडीत रक्त आहे.’ त्याबद्दल त्याला कुणी फैलावर घेऊ नये. मात्र काही न सांगता लाल राहिलेल्या गाडीला डिस्पॅचने विचारलंच पाहिजे.

आणि काही वेळा पुसण्यासारखं काहीच नसतं. लहान मूल हातातून गेलेलं असतं. अशा वेळी वायरलेसवरचा आवाज ओळखू येतो. त्या 10 मिनिटांचं कारण मी कधी लिहून मागितलं नाही, आणि नियम करणाऱ्यांनीही मागू नये.

शेवटची 3 वर्षं मी पडद्याशेजारी एक कागद ठेवायचे. काही गाड्यांना सांगून ठेवलं होतं की सोपवल्याबरोबर मला नुसतं ‘सोपवला’ म्हणा. ती वेळ मी पेन्सिलने लिहीत असे, कारण पडद्यावर त्यासाठी जागाच नव्हती. निवृत्त होताना माझ्या खुर्चीवर आलेल्या मुलीला मी तो कागद कसा भरायचा ते दाखवून आले. तेवढं एक बटण प्रणालीत घालावं, अशी ही सेवा चालवणाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती करते.

आपली,
एक निवृत्त डिस्पॅच कर्मचारी
(कृपया नाव छापू नये.)