करमत नाही आणि गमत नाही

प्रिय मनू,

काल फोनवर तू एवढी वैतागलेली होतीस की मी काही बोललेच नाही, म्हटलं आधी जेवू दे हिला. आत्ता बाबा सुरसागर तलावाला फेरी मारायला गेलेत म्हणून एका बोटाने टाईप करत बसलेय, चुका काढू नकोस.

तुझं रडगाणं कळलं मला. सहा महिन्यांची प्लेसमेंट, त्यासाठी पार बेंगलोरला, आणि काम काय तर लोकांना फोन लावा, ते कट करणार, परत लावा, उत्तरं एक्सेलमध्ये भरा आणि उरलेल्या वेळात डिप्रेशनच्या प्रश्नावलीचं मराठी-गुजराती भाषांतर तपासा. स्टायपेंड भाड्यातच संपतो. इकडे मावशी विचारते मनू डॉक्टर कधी होणार, तिला सांगून दमले की बाई मानसशास्त्र शिकतेय, डॉक्टर नाही होणार ती, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तरी एमएच्या पुढे शिकावं लागतं, आरसीआयचं म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं. तिने एवढंच ऐकलं की अजून लग्नाचं नाव नाही.

पण "आई हा कसला रिसर्च, ही तर कारकुनी" असं जे म्हणालीस ना, ते काही पटलं नाही.

2011 ची जनगणना आठवते का, तू दुसरीत होतीस. 9 ते 28 फेब्रुवारी माझी ड्यूटी होती, शाळा सुटली की तशीच फॉर्मांची पिशवी घेऊन बडोद्याच्या वाडीतल्या पोळांत म्हणजे गल्ल्यांत, दारोदार. माणशी 29 प्रश्न. त्यातला नववा अपंगत्वाचा, दिसणं, ऐकणं, चालणं असं सगळं आणि त्यातच मानसिक आजाराचाही कोड. आता हा दारात उभं राहून विचारायचा कसा, शेजारीण ओट्यावर भाजी निवडत कान देऊन बसलेली! पहिल्या दिवशी मी नीट वाचून दाखवायचे, चौथ्या-पाचव्या दिवशी पाय दुखायला लागले तसा माझा प्रश्न आपोआप झाला, "घरात कोणी वेडंबिडं नाही ना?"

एका घरी आजोबा होते, त्यांनी सगळ्यांची नावं, वयं धडाधड सांगितली, नवव्याला म्हणाले "ना बेन, एवुं कोई नथी". आतल्या दाराच्या पडद्याखालून दोन पाय दिसत होते, एकाच पायात पैंजण, आणि ते पाय सारखे पुढेमागे, पुढेमागे, मी होते तेवढा वेळ थांबलेच नाहीत. मी "नाही" लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. तेव्हा वाटलं आजोबा खोटं बोलले. खूप वर्षांनी लक्षात आलं की "नाही" तर मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं, "नाही ना" असं विचारल्यावर कोण हो म्हणणार गं? ती "ना" कोणत्याच फॉर्मवर छापलेली नव्हती, ती माझी.

म्हणून सांगतेय, प्रश्नावली तपासणं हे उरलेल्या वेळातलं काम नाही.

तूच मागे सांगितलं होतंस ना त्या मानसशास्त्रज्ञ प्रसादांचं, 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर अफवा गोळा करणारे. जिथे नुसतं हललं, पडझड काही नाही, तिथलेच लोक म्हणत होते की आता चंद्रग्रहणाला याहून मोठा येणार. आणि पुढे त्याच कागदांवरून अमेरिकेतल्या फेस्टिंगरना 1957 ची त्यांची ती कॉग्निटिव्ह डिसोनन्सची थिअरी सुचायला मदत झाली, म्हणजे मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस काहीतरी करून त्या जुळवून घेतो, ती. मला ते लगेच पटलं कारण 26 जानेवारी 2001 नंतर आपल्याकडे हेच, भुजला माणसं गेली आणि इकडे आम्ही रात्री गाद्या घेऊन मैदानात, का तर कोणीतरी म्हणालं आज रात्री दोनला येणार. प्रसादांनी "तुम्हाला भीती वाटते का" एवढंच विचारलं असतं तर बाबांसारखे सगळे "छे छे" म्हणाले असते. लोक जे बोलत होते तेच त्यांनी लिहून घेतलं.

आता तुझा कागद. "कामांमध्ये रस अथवा आनंद अल्प प्रमाणात वाटणे", अगं दांडिया बाजारात असं कोण बोलतं? आपण म्हणतो "करमत नाही". पण थांब, तू म्हणालीस ना की मराठी झालं की इंग्रजी न बघितलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करवून घेता आणि ताडून बघता, तर तो माणूस "करमत नाही" चं "कोणाची तरी आठवण येतेय" असं करेल. तू गेल्यापासून मला करमत नाही, हा काही आजार नाही. आपल्या बडोद्याचं "गमत नाही" जास्त जवळचं वाटतं, कशातच मन लागत नाही असं, पण ते पुण्याच्या माणसाला गुजराती वाटणार.

आणि "गेल्या दोन आठवड्यांत" ला बायका अडकतील, माझ्यासारख्यांना तरी एकादशी ते एकादशी म्हटलं की पटकन कळतं. "अर्ध्याहून जास्त दिवस" हा उत्तराचा पर्यायही मला मनात बोटं मोजून बघावं लागलं.

बघावं लागलं म्हणजे, मी तो भरला. भाषेसाठी म्हणूनच भरायला घेतला होता. सत्तावीसपैकी सहा आले, जितके जास्त तितकं वाईट. शेवटचा, मरणाबिरणाचा, त्याला शून्य आहे, उगाच घाबरून तुझ्या कामावरच्या मॅडमना सांगायला धावू नकोस. झोपेला दोन दिलेत, त्यातला एक गुडघ्यांचा आहे असं धरून चाल. फोनवर तू "कशी आहेस" विचारतेस तेव्हा मी "मजेत" म्हणते ते काही अगदीच खोटं नाही, पण तू विचारतेसही अशी, "बरी आहेस ना?"

बाबांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्याकडून भरून घ्यायचा विचार आहे पण ते पहिल्या ओळीलाच "भाषांतर कोणी केलंय" म्हणून वाद घालतील.

लीलो चेवडो कोपऱ्यावरच्या काकूंच्या मुलाबरोबर पाठवलाय, रविवारी पोचेल, मैत्रिणींनाही दे. आणि करमत नाही ठेवायचं की गमत नाही, ते मॅडमना विचारून कळव.

तुझी,
आई