उणे १.९, पण कुणाच्या मापानं?

ता. केळापूर, जि. यवतमाळ

चि. सौ. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

बोस्टनहून तू पाठवलेला डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, कागद पाहिला. खुब्याच्या मानेपाशी टी-स्कोअर (तरुण बायांच्या घनतेशी ताडून काढलेला आकडा) उणे १.९ आणि खाली 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे घनता कमी, असा शिक्का. आपल्या लोकांची हाडं मुळातच कच्ची असतात का, असं तू विचारलंस. कच्ची नाही पोरी, लहान असतात. आणि लहान कोणतं, कच्चं कोणतं, हे त्या यंत्राला नीट कळत नाही.

डेक्सा समोरून लांबी-रुंदी मोजते, खोली नाही. म्हणून आकडा ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर येतो. एकाच मालाचे दोन ठोकळे घे, एक २ सेंटिमीटरचा, एक ३ चा. पहिला ८ ग्रॅमचा, समोरून क्षेत्रफळ ४, भागाकार २. दुसरा २७ ग्रॅमचा, क्षेत्रफळ ९, भागाकार ३. माल तोच, तरी यंत्राच्या लेखी मोठा ठोकळा दीडपट दाट! तू चार फूट अकरा इंच, आणि खुब्याच्या टी-स्कोअरचं माप घेतलेलं अमेरिकेतल्या २० ते २९ वयाच्या गोऱ्या बायांवरून. बांधा हिशेबात धरला की भारतीय आणि गोऱ्या बायांतला बराचसा फरक निघून जातो. सगळा नाही जात.

शिवाय तुझी पाळी अजून नियमित आहे. मग टी-स्कोअर सोड, शेजारचा झेड-स्कोअर बघ. तो तुझ्या वयाच्या बायांशी ताडून काढतात आणि उणे २ किंवा त्याखाली गेला तरच 'वयाच्या मानानं कमी' म्हणतात. तुझा उणे १.४ आहे. उणे २.५ ची ऑस्टिओपोरोसिसची (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची) रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली पाळी गेलेल्या बायांसाठी आखली. ती तुला लावायची नाही.

वंशाचा फरक खोटा नाही, पण सरळही नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायांच्या रक्तात ड जीवनसत्त्व गोऱ्यांपेक्षा कमी सापडतं, तरी त्यांची हाडं दाट आणि मोडतात कमी. चिनी बायांची घनता गोऱ्यांपेक्षा कमी, तरी खुबा मोडण्याचं प्रमाणही कमी. खुब्याची मान आखूड असणं हे त्याचं एक कारण सांगतात. भारतात मात्र खुबा मोडून येणारे पाश्चात्त्यांपेक्षा दहाएक वर्षांनी तरुण दिसतात. (आपल्याकडे ऐंशी गाठणारेच कमी, हाही त्यातला एक भाग.)

म्हणून पुढे पाळी गेल्यावर डॉक्टरीणबाई 'फ्रॅक्स'चं गणित मांडतील तेव्हा लक्ष ठेव. दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता त्यातून निघते. अमेरिकेच्या फ्रॅक्समध्ये 'एशियन' निवडलं की खुब्याचा धोका गोऱ्या बाईच्या जवळपास निम्मा दाखवतात, आणि त्या एका खणात चिनी, जपानी, आपण सगळे कोंबलेले. तिथे खुब्याच्या ३ टक्क्यांवर औषधाचा निर्णय होतो. तेव्हा भारताचं फ्रॅक्सही काढून बघायला सांग.

आता तुझ्या हातातलं. बोस्टनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हातून ड जीवनसत्त्व बनत नाही, सावळ्या कातडीत तर इतर महिन्यांतही जास्त वेळ लागतो. रक्तातली पातळी तपासून घे. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर डोस ठरवतील. इथून कुणी ६०,००० युनिटच्या पुड्या पाठवल्या तर रोज घेऊ नकोस. त्या आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायच्या असतात. रोज घेतल्या तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडावर येतं.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम. ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण पोटभर खाल्लं तरी त्याच्या पावही होत नाही. पाव लिटर दुधातून ३०० च्या आसपास मिळतं, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून साडेतीनशे. तीळ सालासकट घे, पांढऱ्या सोललेल्यात फारसं उरत नाही. जवसाची चटणी चांगली. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. गोळी घ्यावीच लागली तर एका वेळी ५०० च्या वर नको, कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

इथल्या शिबिरात आजीची टाच तपासून घेऊ का, असंही विचारलंस. टाचेचं यंत्र अल्ट्रासाउंडचं, त्याचा आकडा डेक्साच्या रेघेला लागू नाही. त्यावरून औषध सुरू करू नये. आणि आपल्या भागात दुसरीच गोम आहे. काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असतं. ते हाडात साचलं की डेक्सा घनता चांगली दाखवते आणि हाड ठिसूळच राहतं. त्यामुळे आजीचं आधी पाणी तपासू, मग उंची. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरच्या वर घटली असेल तर पाठीच्या मणक्याचा एक्स-रे काढायचा. सांधेदुखीला बिनचिठ्ठीच्या पुड्या खाते, त्या बंद. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि तेच हाड पोखरतं. पण वर्षानुवर्षांचं स्टेरॉइड एकदम तोडलं तरी अंगाशी येतं, म्हणून डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू सोडवू. न्हाणीतली शेवाळलेली फरशी या आठवड्यात घासून घेते.

तुझ्या कागदाचं दुसरं पान आलेलं नाही. कमरेच्या मणक्यांचे आकडे त्यावर असतील, त्याचा फोटो पाठव.

तुझी आई