वेंगेनहून पत्र: पोरांचं स्कीइंग, आमची हमाली

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर दोन्ही पोरं मागे इतकी ओरडत होती की धड बोलताच आलं नाही आणि आई तू "एवढ्याशा लेकरांना बर्फावर कशाला घसरवताय" एवढंच परत परत विचारत राहिलीस, म्हणून म्हटलं आता सगळं नीट लिहूनच पाठवते. बाबा तुम्ही तिला वाचून दाखवा, चष्मा लावून, मधलं काही गाळू नका. तर पहिली गोष्ट, ओवी आणि कबीर दोघंही ठणठणीत आहेत, हातपाय जागच्या जागी आहेत, फक्त गालांना गॉगलच्या खाली एक मजेशीर पट्टा आलाय उन्हाचा.

आत्ता इथे स्वित्झर्लंडमध्ये ओवीच्या शाळेला स्पोर्टफेरियन म्हणजे फेब्रुवारीची सुट्टी आहे. बाबा तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, ही सुट्टी खेळासाठी सुरू झालीच नव्हती, 1940 च्या हिवाळ्यात युद्धामुळे कोळशाची टंचाई होती म्हणून वर्ग तापवायचा खर्च वाचवायला शाळा बंद ठेवल्या आणि पोरं घरात बसून काय करणार तर त्यांना डोंगरावर पाठवायला लागले. आता कोळसा गेला, सुट्टी राहिली, आणि अख्खा देश पोरं आणि स्की घेऊन ट्रेनमध्ये असतो. आम्ही वेंगेन नावाच्या डोंगरावरच्या गावाला आलोय, खालच्या लाउटरब्रुनेन गावाहून वर चढणारी दातेरी रुळांची गाडी आहे 1893 पासूनची, तिनेच यायचं कारण गावात गाड्याच नाहीत. मला हे गाव मुख्य म्हणजे त्यासाठीच पाहिजे होतं, कबीर कुठे धावत सुटेल नेम नाही, आणि दुसरं म्हणजे नवशिक्यांचा छोटा उतार गावाच्या मधोमधच आहे, रोज उठून लेकरांना घेऊन केबल कारने वर जायला नको.

आता सकाळचं ऐक. मला वाटायचं स्कीइंगमध्ये अवघड म्हणजे तो उतार. नाही गं. अवघड म्हणजे चार वर्षांच्या पोराला स्कीचा बूट घालणं. प्लॅस्टिकचा कडक बूट, घोट्यात वाकत नाही, पाय आत जाताना पोरगं रडतं आणि बाहेर काढताना आपण रडायचं. आधी थर्मल, मग फ्लीस, मग ती खांद्यावरून पट्टे असलेली पॅंट, मग जॅकेट, हेल्मेट, गॉगल, आणि हातात बोटांचे नाही तर पिशवीसारखे मिटन, कारण त्यात बोटं एकमेकांना चिकटून गरम राहतात. एवढं सगळं चढवून बूटाची शेवटची क्लिप लावली की कबीर शांतपणे म्हणतो, शू लागली. रोज. समीरने आता घड्याळच लावलंय, कपडे चढवायच्या आधी सक्तीची बाथरूम परेड.

आणि आई तू विणलेले लोकरीचे मोजे, रागावू नकोस, ते बूटात घालता येत नाहीत. मलाही वाटलं होतं दोन मोजे घातले की दुप्पट ऊब, पण भाड्याच्या दुकानातल्या बाईने सरळ काढायला लावले, एकच पातळ लांब मोजा पाहिजे, जाड मोज्याने पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि उलट बोटं गारठतात. शिवाय घडी पडली की नडगीला टोचते. तर तुझे मोजे संध्याकाळी हॉटेलात घालून दोघं लाकडी फरशीवर घसरत असतात, जिथे खरं तर मला जास्त भीती वाटते.

तू विचारलंस ना, तुम्ही जवळ असता ना त्यांच्या? नसतो. आणि आम्ही नसतो तेच बरं. पहिल्या सकाळी मी कुंपणाला चिकटून उभी होते, कबीर दर मिनिटाला माझ्याकडे बघून भोकाड पसरत होता, तेव्हा त्यांच्या लाल जॅकेटवाल्या टीचरने मला गोड हसून सांगितलं की आता तुम्ही जा. म्हणजे कुठे जाऊ विचारलं तर म्हणाली कुठेही, फक्त दिसू नका. आम्ही एका इमारतीच्या कोपऱ्याआडून चोरासारखे बघत बसलो आणि खरंच, आई दिसेनाशी झाल्यावर भोंगा बंद, पोरगं रांगेत. मला थोडा रागच आला खरं तर, इतक्या लवकर विसरायचं असतं का! पण त्या क्षणापासून मी ठरवलं की शिकवायचं काम त्यांचं, आपण फक्त सामान वाहायचं. समीरच्या एका खांद्यावर दोन जोड स्की, दुसऱ्यावर कबीर स्वतः, आणि माझ्याकडे बाकीचं दुकान.

शिकवतात कसं ते सांगते, कारण ते बघून माझीच भीती गेली. सगळ्यात आधी स्की न लावताच नुसते बूट घालून चालवतात, मग एकाच पायाला स्की, मग दोन्ही, तेही सपाट जागेवर. मग सरकता पट्टा आहे, मॅजिक कार्पेट म्हणतात, त्यावर उभं राहिलं की वर नेतो, आणि खाली यायचा उतार इतका कमी की न वळता सोडलं तरी खाली आपोआप थांबतं. थांबायला पिझ्झा करायचा, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब, तो त्रिकोण जेवढा मोठा तेवढा ब्रेक. दिवसभर सगळ्या उतारावर सगळ्या भाषांमधले टीचर पिझ्झा पिझ्झा ओरडत असतात. काठ्या देतच नाहीत या वयात, कारण काठ्या दिल्या की पोरं त्यांच्यावर रेलतात आणि पायांवर तोल धरायला शिकत नाहीत (शिवाय एकमेकांना भोसकतात, हे माझं निरीक्षण). लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड, पायात ताकद कमी, म्हणून ती मागे टेकून बसल्यासारखी येतात, तर टीचर त्यांना हात गुडघ्यांवर ठेवायला लावते, हात पुढे आले की अंग आपोआप पुढे. आणि पडायचं कसं तेही शिकवतात, कडेला बसल्यासारखं, आणि उठताना स्की उताराला आडव्या. कबीर आता पडतो, हसतो, उठायच्या आधी थोडा बर्फ खातो, मग उठतो.

बाइंडिंगबद्दल बाबांना कळेल. बूट आणि स्की यांच्यामधला तो खटका पोराचं वजन, उंची, वय आणि बूटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये बघून सेट करतात, जेणेकरून वेडंवाकडं पडलं की स्की पायातून सुटून बाजूला व्हावी, पाय मुरगळू नये. म्हणून दुकानात वजन खरं सांगायचं असतं. बरोबर, मलाही. नको तो प्रसंग.

ओवीचं वेगळंच चाललंय. इथल्या स्की स्कूलमध्ये लेव्हल असतात, निळी लीग, लाल लीग, काळी लीग, आणि निळीत प्रिन्स, किंग, स्टार असं चढत जायचं. ती प्रिन्सवरून किंगवर गेली आणि तेव्हापासून आम्हाला सुधारते. कारण आई, आम्ही दोघंही मोठ्यांच्या वर्गात नवशिकेच आहोत! पडलो की उठायला मला टीचर, काठी आणि देव तिघंही लागतात. ओवी चेअरलिफ्टवरून, म्हणजे उतारावरून दोराला लटकत वर जाणाऱ्या खुर्चीतून, खाली बघून मोठ्याने "आई, पिझ्झा मोठा कर" ओरडते, अख्ख्या उताराला कळतं कोणाची आई ते. चेअरलिफ्टवर लहान मुलांना एकटं बसवत नाहीत, शेजारी मोठं माणूस असतं आणि दांडा खाली ओढलेला असतो, हे तू विचारायच्या आधीच सांगितलं. टी-बार मात्र तिला जमत नाही अजून, बुडाखाली दांडा धरून ओढत नेणारा तो प्रकार आहे, त्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं असतं, आणि सहा वर्षांच्या मुलीला हे पटवून दाखवा तुम्ही.

इजा होतच नाही असं मी म्हणत नाहीये. होतात, आणि बऱ्याचदा दमल्यावर होतात. दुपारी उन्हाने बर्फ जड होतो, पाय थकलेले असतात आणि "अजून एकदाच" सुरू होतं, म्हणून आमच्याकडे अजून एकदाच हा शब्द बंद आहे, पाय जड झाले की बूट काढायचे, संपलं. उतारावर नियमही आहेत, जो पुढे म्हणजे खाली आहे त्याला सांभाळून मागच्याने यायचं, अरुंद जागी किंवा जिथे वरून दिसत नाही तिथे मधोमध थांबायचं नाही. संध्याकाळी उतार बंद होतात कारण रात्री बर्फ सपाट करायची मोठी यंत्रं फिरतात आणि चढावर ती पोलादी दोराने बांधलेली असतात, अंधारात तो दोर दिसत नाही. कबीरचं स्कीपेक्षा या यंत्रांवर जास्त प्रेम आहे, खिडकीत बसून त्यांचे दिवे मोजतो.

उन्हाचं मात्र मला आधी कळलं नव्हतं इतकं असतं ते. थंडीत सनस्क्रीन कशाला असं वाटतं, पण ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि उंचीवर ते मुळातच जास्त, त्यामुळे हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानाच्या पाळ्यांना सगळीकडे लावायचं.

बाबा, तुमच्यासाठी. गावाच्या वर लाउबरहॉर्न नावाचा डोंगर आहे, तिथे 1930 पासून जानेवारीत स्कीची शर्यत होते, जवळजवळ साडेचार किलोमीटरचा उतार आणि ते लोक अडीच मिनिटांच्या आसपास खाली येतात, कुठे कुठे ताशी 160 किलोमीटरच्या आसपास वेग. समोरच्या कड्यावर दरीपलीकडे म्युरेन गाव दिसतं, तिथे 1922 मध्ये आर्नल्ड लन नावाच्या इंग्रज गृहस्थाने आताच्या पद्धतीची पहिली स्लालम, म्हणजे झेंड्यांमधून वळत वळत खाली यायची, शर्यत घेतली. आम्ही मेनलिखेन डोंगरावर केबल कारने नुसतं बघायला गेलो होतो, समोर आयगर, मोंख, युंगफ्राऊ ही शिखरं एका रांगेत, आणि समीर म्हणाला यातून आपण कधी स्की करत खाली जाऊ, तर ओवी म्हणाली तुम्ही नाही बाबा, मी.

उद्या त्यांची शेवटची शर्यत आहे, चार झेंडे लावलेत, सगळ्यांना मेडल मिळतं, पण ओवीला ते माहीत नाही आणि तिने रात्री हेल्मेट उशाशी घेतलंय. व्हिडिओ समीर पाठवेल. त्यात सुरुवातीला कबीर एका काकांच्या दोन पायांमधून थेट जातो, तो भाग आईला दाखवायच्या आधी सांगा की काकांनाही काही झालं नाही.

बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढलात का ते कळवा, मागच्या वेळी विषय बदललात. आजीला नमस्कार.

तुमची,
मनू