कोर्टावरचा खेळ दिसू द्या, बँड ऐकू द्या

प्रति,
व्यवस्थापक, प्रेक्षक सेवा विभाग,
विद्यापीठ बास्केटबॉल अरीना

विषय : व्हीलचेअरच्या जागा, लाउडस्पीकरचा आवाज, रिव्ह्यूची माहिती आणि महिला संघाच्या सामन्यांतील गैरसोय याबाबत तक्रार

महोदय/महोदया,

आपल्या तक्रार अर्जात हव्या त्या भाषेत लिहिण्याची सोय आहे, त्याबद्दल आभार. काही सांगायचं राहू नये म्हणून मराठीतच लिहिते आहे.

आमचं कुटुंब या विद्यापीठाच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांची सीझन तिकिटं घेतं. तिकिटाच्या किमतीखेरीज त्या जागांसाठी क्रीडा निधीला देणगीही द्यावी लागते. अशा देणगीवर मिळणारी करसवलत २०१८ पासून बंद झाली, तरी आम्ही जागा सोडल्या नाहीत. आता पुढच्या सीझनची तिकिटं कायम ठेवण्याबद्दल आपली ईमेल आली आहे. पैसे भरण्याआधी काही गोष्टी स्पष्टपणे सांगणं मला गरजेचं वाटतं.

सगळ्यात आधी माझ्या वडिलांच्या जागेबद्दल. इथले मराठी लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात. माझे बाबा मात्र अमेरिकेतल्या मिडवेस्टच्या कडाक्याच्या थंडीत येतात आणि तेही केवळ कॉलेज बास्केटबॉलसाठी. नागपूरच्या शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टावर खेळत ते मोठे झाले. झोन डिफेन्स (प्रत्येकाने आपापला भाग राखायचा बचाव) कसा फोडायचा, स्क्रीन (बचाव करणाऱ्याला अडवायला मध्ये उभं राहणं) कुठे लावायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला, आता ते व्हीलचेअरवर असतात. म्हणून या सीझनला आम्ही आमच्या नेहमीच्या जागा बदलून व्हीलचेअरच्या ओळीत जागा घेतल्या.

फेब्रुवारीतल्या घरच्या सामन्यात शेवटच्या चार मिनिटांत दोन्ही संघांमध्ये दोन-तीन गुणांचा फरक होता. अशा वेळी सगळं अरीना उभं राहतं आणि ते राहायलाच हवं. पण बाबांच्या पुढची ओळ उभी राहिली आणि त्यांना माणसांच्या पाठींपलीकडे काहीही दिसेना. डोक्यावरच्या मोठ्या पडद्याकडे पाहावं, तर तिथे एका बँकेची जाहिरात चालू होती. ते मला गुणफलक विचारत राहिले. मी आपल्या कर्मचाऱ्याला बोलावलं. त्याने अदबीने सांगितलं की, पुढच्यांना बसायची विनंती करून पाहा. चुरशीच्या सामन्यात पुढच्या माणसाला 'खाली बस' म्हणण्याची वेळ कोणावरही यायला नको. त्याने उभं राहायचं तिकीट काढलं आहे आणि बाबांनी खेळ पाहायचं. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. चूक आहे ती ओळीच्या उंचीची.

ही केवळ सौजन्याची बाब नाही. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९० चा आहे. त्याखाली २०१० मध्ये ठरलेल्या बांधकाम मानकांत स्वच्छ लिहिलेलं आहे की, जिथे प्रेक्षक उभे राहून खेळ पाहतात, तिथे व्हीलचेअरवरच्या माणसाला उभ्या प्रेक्षकांच्या वरून किंवा त्यांच्यामधून दिसलं पाहिजे. आपलं अरीना कायद्याच्या आधी बांधलेलं आहे, याची मला कल्पना आहे. पण खालच्या भागाचं नूतनीकरण अलीकडेच झालं आणि नव्याने केलेल्या कामाला ही मानकं लागू होतात. नूतनीकरणात कोर्टालगत गाद्यांच्या खुर्च्या आल्या, देणगीदारांसाठी स्वतंत्र कक्ष आला. त्याच कामात व्हीलचेअरचा चौथरा हातभर उंच करता आला असता.

तिकीट विक्रीतही हाच प्रकार. व्हीलचेअरच्या एका तिकिटाबरोबर त्याच ओळीतल्या लागून असलेल्या तीन जागा, शिल्लक असतील तर, विकत मिळाल्या पाहिजेत असा नियम आहे. आम्हाला एकच दिली गेली. शेजारच्या दोन जागा सामना संपेपर्यंत रिकाम्या राहिल्या आणि माझी मुलगी तिच्या वडिलांबरोबर चार ओळी वर बसली. आजोबांना या ट्रिपा पुन्हा पुन्हा करता येतील अशी परिस्थिती नाही. त्यांच्याशेजारी बसून खेळ पाहायला मिळावा, एवढीच तिची मागणी होती.

दुसरी तक्रार आवाजाची. कॉलेज बास्केटबॉलमध्ये चेंडू खेळात असताना बँडला वाजवता येत नाही. बँडला मिळतात त्या फक्त थांबण्याच्या वेळा. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांच्या प्रत्येक हाफमध्ये सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबला की जाहिरातींसाठी टाइमआउट होतो. म्हणजे असे आठ टाइमआउट, शिवाय संघांनी घेतलेले वेगळे. बँडचा सगळा वाव इथेच. या सीझनमध्ये आपण यातला जवळजवळ प्रत्येक टाइमआउट लाउडस्पीकरला दिला आहे. कार कंपनीची जाहिरात, विम्याची जाहिरात, टी-शर्ट फेकण्याचा कार्यक्रम, मग रेकॉर्ड केलेलं गाणं. ट्रॉम्बोन तोंडाला लावून बसलेली मुलं निवेदकाचं बोलणं संपण्याची वाट पाहतात, आणि ते संपतं तेव्हा खेळ सुरू झालेला असतो.

पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक तयारीत उभं असताना शेजारी डीजेच्या भिंती लावल्या की जो संताप येतो, तोच मला इथे येतो. ही मुलं इंजिनिअरिंगचा, नर्सिंगचा अभ्यास सांभाळून सराव करतात. संघ हरत असतानाही ती जागा सोडत नाहीत. त्यांना गप्प बसवून आपण प्रेक्षकांना नेमकं काय देत आहात?

गोंगाटाला माझा विरोध नाही, तो मला हवाच आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउस या बास्केटबॉल अरीनात १३ फेब्रुवारी २०१७ ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यात १३०.४ डेसिबल इतक्या आवाजाची गिनीज विक्रमात नोंद झाली. तो आवाज माणसांच्या गळ्यातून आला होता आणि अशी गर्जना काही सेकंदांत ओसरते. लाउडस्पीकर दोन तास ओसरत नाही. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या 'नायोश' या सरकारी संस्थेने आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. याच संस्थेने बनवलेलं आवाज मोजायचं ॲप मी टाइमआउटमध्ये स्पीकरखालच्या आमच्या ओळीत लावून पाहिलं, तर आकडा १०० च्या वर गेला. फोनवरचं मोजमाप अचूक नसतं हे मान्य. म्हणूनच आपण योग्य उपकरणाने मोजावं आणि आकडे जाहीर करावेत. आमच्या मागच्या ओळीत लहान मुलं असतात. त्यांच्या आया त्यांच्या कानांवर हात धरून बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

विद्यार्थ्यांच्या जागांबद्दलही आताच सांगते, कारण आवाज तिथूनच यायला हवा. ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० चं, तिथे जेमतेम ९,३१४ प्रेक्षक मावतात. पण विद्यार्थी कोर्टाच्या लांब बाजूला, अगदी सीमारेषेला खेटून उभे असतात. पाहुण्या संघाला चेंडू आत टाकायचा तरी त्यांच्या अंगावरून टाकावा लागतो. त्या छोट्या हॉलचा दरारा यातून आला आहे. आपण विद्यार्थ्यांना बास्केटमागे वर नेलंत आणि कोर्टालगतच्या खुर्च्या कंपन्यांना विकल्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी सामना असला की त्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि टीव्हीवर पहिल्या दोन ओळी ओसाड दिसतात. पहिला जाहिरात टाइमआउट होईपर्यंत जी खुर्ची भरली नाही, तिथे विद्यार्थ्यांना उतरू द्या. तिकीटधारक उशिरा आला तर मुलं उठतील. यात कंपनीचा एक डॉलरही बुडत नाही.

तिसरी गोष्ट, रेफरी निर्णय व्हिडिओवर तपासायला (रिव्ह्यू) मॉनिटरकडे जातात तेव्हाची. २०२५-२६ च्या सीझनपासून पुरुषांच्या खेळात प्रशिक्षकांनाही काही निर्णयांवर रिव्ह्यू मागता येतो, त्यामुळे असे थांबे आणखी महत्त्वाचे झाले आहेत. घरी टीव्ही पाहणाऱ्याला समालोचक सांगतो की, चेंडू कोणाच्या हाताला लागून बाहेर गेला ते तपासताहेत. वेगवेगळ्या कोनांतून तेच दृश्य दाखवलं जातं. आत बसलेल्या हजारो लोकांना मात्र काहीच सांगितलं जात नाही. फाउल साधा की फ्लेग्रंट, म्हणजे गंभीर? घड्याळ दुरुस्त होतंय की गुण तीनचे दोन? आम्ही एकमेकांना विचारतो आणि शेवटी फोन उघडतो. क्रिकेटच्या मैदानावर डीआरएस घेतला की चेंडूचा मार्ग पडद्यावर सगळ्यांना दिसतो. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात रेफरींनी व्हिडिओ पाहून घेतलेले निर्णय माइकवरून जाहीर केले. रेफरींच्या हाती माइक देणं आपल्या अखत्यारीत नाही, हे मला समजतं. पण निवेदक आपला आहे. 'चेंडू बाहेर कोणामुळे गेला, याची तपासणी चालू आहे' एवढं एक वाक्य त्याने सांगावं आणि निर्णयानंतर त्याचं कारण सांगावं. त्या दोन मिनिटांत पुन्हा गाणं लावू नये.

आता महिला संघाच्या सामन्यांबद्दल. हा मुद्दा माझ्या मुलीच्या फार जिव्हाळ्याचा आहे. ती तिच्या शाळेच्या संघात गार्डच्या जागी खेळते आणि पुरुषांपेक्षा महिलांचे सामने तिला जास्त आवडतात. त्या दिवशी आपण एकच दरवाजा उघडा ठेवता. वरच्या भागावर काळा पडदा टाकता. खाण्यापिण्याचा एकच काउंटर चालू असतो, त्यामुळे पंधरा मिनिटांचा हाफटाइम रांगेत जातो आणि चारपैकी तिसऱ्या क्वार्टरची सुरुवात हुकते. डोक्यावरच्या मोठ्या स्क्रीनवर खेळाडूंची आकडेवारीही दिसत नाही, पुरुषांच्या सामन्यात ती सतत असते. 'प्रेक्षक कमी असतात' हे उत्तर मला मिळालं आहे. पण सोय नसेल तर प्रेक्षक वाढणार कसे? आयोवा विद्यापीठाने २०२३-२४ च्या सीझनमध्ये आपलं जवळपास पंधरा हजारांचं अरीना महिलांच्या सामन्यांसाठी पूर्ण सीझन विकून दाखवलं. त्याच सीझनआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर कोर्ट मांडून खेळलेला आयोवाच्या महिलांचा सामना ५५,६४६ लोकांनी पाहिला. २०२४ ची महिलांची अंतिम लढत टीव्हीवर सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिली, पुरुषांची त्याच वर्षीची दीड कोटीच्या आत राहिली. आयोवाच्या केटलिन क्लार्कसारखी स्टार खेळाडू रोज येत नाही, खरं आहे. पण ती आली त्या दिवशी आयोवाचे दरवाजे उघडे होते.

माझ्या मुलीने मला विचारलं की, आपल्या सामन्याला पडदा का टाकतात. मला उत्तर देता आलं नाही. ते आपण द्यावं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तिकीट फक्त फोनवरच असण्याचा आग्रह सोडा. ज्यांच्याकडे इथला फोन नंबर नाही, ज्यांना ॲप चालवता येत नाही, त्यांना खिडकीवर छापील तिकीट मिळालं पाहिजे. जानेवारीच्या थंडीत दाराबाहेर फोन बंद पडलेली माणसं मी पाहिली आहेत. शाकाहारी माणसाला नाचोज आणि पॉपकॉर्नपलीकडे काहीतरी खायला ठेवा. रिकामी पाण्याची बाटली आत नेऊ द्या. सामन्याची वेळ टीव्ही ठरवतो, पण ती बदलली तर आम्हाला त्याच दिवशी कळवा. रात्री नऊला सुरू होणारा सामना अकरानंतर संपतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा असते.

खर्च वाढला आहे, याची जाणीव मला आहे. जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात आणि पहिल्या वर्षाची त्याची मर्यादा विद्यापीठामागे दोन कोटी डॉलरहून थोडी अधिक होती. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. ज्यांच्या जिवावर हे सगळं चालतं त्यांना मोबदला मिळायला फार उशीर झाला. त्यासाठी तिकीट काही डॉलरनी महागलं तर मी तक्रार करणार नाही. पण पैसा उभा करायला प्रत्येक टाइमआउट विकणं हा एकच मार्ग नाही. आठपैकी चार टाइमआउट पूर्णपणे बँडला द्या आणि उरलेल्या चारांचा जाहिरातदारांकडून जास्त दर घ्या. त्या चारांत लोकांचं लक्षही जास्त असेल.

आपल्याकडून मला तीन गोष्टींचं लेखी उत्तर हवं आहे. व्हीलचेअरच्या ओळीची उंची किंवा जागा पुढच्या सीझनआधी बदलणार का, आणि नसल्यास तसाच दर्जा असलेली दुसरी जागा बाबांना कुठे मिळेल? सामन्यादरम्यान लाउडस्पीकरची कमाल मर्यादा किती ठेवणार? महिला संघाच्या सामन्यांना किती दरवाजे आणि किती काउंटर उघडे असतील? जागेच्या प्रश्नाबाबत मी याच पत्राची प्रत विद्यापीठाच्या अपंग सुविधा कार्यालयालाही पाठवते आहे. तिकिटं कायम ठेवण्याची मुदत एप्रिलअखेर आहे. उत्तर त्याआधी आलं तर चारही जागांचे पैसे त्याच दिवशी भरीन. तोवर आमच्या जागा दुसऱ्या कोणाला देऊ नयेत, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक सीझन तिकीटधारक