स्वर्गमंडपात ऊन कसे उतरवावे: मित्रास पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली चित्रे काल निवांत पाहिली. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर उभे करण्याचा तू आणि ईशाने घातलेला घाट मला मनापासून आवडला. स्वर्गमंडपाचे ४८ खांब जागच्या जागी आहेत, छतातले मधले वर्तुळाकार छिद्रही आहे, आणि तरीही मंडपात जीव नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणून तू माझ्याकडे ‘भारी टेक्स्चर पॅक’, म्हणजे ठोकळ्यांवर चढवायच्या चित्रांचा संच, मागितला आहेस. माझे मत वेगळे आहे. तुझा दगड पुरेसा चांगला आहे. उणीव आहे ती उन्हाची.

मूळ खेळात उजेडाला दिशाच नसते. प्रत्येक ठोकळ्याच्या जागेला ० ते १५ असा एक आकडा मिळतो. उघड्या आकाशाखाली तो १५ असतो आणि छपराखाली आडवे सरकत गेल्यावर एकेका ठोकळ्यागणिक एकाने उतरतो. सूर्य पूर्वेला आहे की डोक्यावर, याच्याशी या आकड्याला काही देणेघेणे नाही. त्यामुळे तुझ्या छिद्रातून येतो तो उन्हाचा झोत नसून सगळीकडे सारखा झिरपणारा करडा उजेड आहे. खिद्रापुरात भर दुपारी छिद्राखालच्या गोल रंगशिलेवर उन्हाचा जो धारदार तुकडा पडतो, तो या पद्धतीत कितीही भारी टेक्स्चर लावले तरी पडणार नाही.

शेडर, म्हणजे खेळातला उजेड आणि सावली नव्याने रंगवणारी जोड, नेमके हेच काम करतो. तो सगळे दृश्य आधी सूर्याच्या जागेवरून पाहतो, कोणती वस्तू सूर्याला किती अंतरावर दिसते याचा नकाशा करून ठेवतो, आणि मग तुझ्या नजरेतून चित्र काढताना प्रत्येक बिंदूला विचारतो की तू सूर्याला दिसत होतास का. दिसत नसेल तर तेथे सावली. या नकाशाची बारकाई सेटिंगमध्ये ‘शॅडो रिझोल्यूशन’ म्हणून असते आणि तेथेच बहुतेकांची गफलत होते. ढोबळ हिशेब सांगतो: नकाशाची एक बाजू २०४८ बिंदूंची असेल आणि सावल्या किती दूरपर्यंत काढायच्या ते अंतर चारी बाजूंना १२८ ठोकळे ठेवले, तर २५६ ठोकळ्यांत २०४८ बिंदू वाटले जातात, म्हणजे एका ठोकळ्याला आठच. बहुतेक शेडर जवळच्या भागाला जास्त बिंदू देतात, तरी गणित हेच. म्हणून अंतर निम्मे कर; तुझे मंदिर त्यात सहज मावते आणि उन्हाची कड ग्राफिक्स कार्डावर जादा भार न टाकता दुप्पट रेखीव होते. सावली मऊ करण्याचा पर्याय मात्र फार ताणू नकोस. पाच-सहा मीटर उंचीच्या कडेची खऱ्या सूर्यातली सावली जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर धूसर असते. दुधाळ सावल्या छायाचित्रात छान दिसतात, पण आपल्याकडचे ऊन तसे नाही.

दुसरी गोष्ट सूर्याच्या वाटेची. खेळातला सूर्य रोज बरोबर माथ्यावरून जातो. खिद्रापूर साधारण १६.६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे असे वर्षातून दोनदाच घडते, मे आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. डिसेंबरात दुपारचा सूर्य माथ्यापासून सुमारे ४० अंश दक्षिणेला झुकलेला असतो. शेडरमध्ये हा कल बदलता येतो, आणि कित्येक शेडरमध्ये तो मुळातच ४० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे आयतीच डिसेंबरची दुपार. तेव्हा उन्हाचा तुकडा रंगशिला सोडून उत्तरेकडच्या खांबांवर चढेल. तो शिलेवरच हवा असेल तर कल शून्यावर आण. कल ठेवल्यावर उत्तर-दक्षिण उलटे झालेले दिसले तर त्या आकड्याचे अधिक-उणे चिन्ह बदल.

येथे एक गंमत आठवली. कल कितीही ठेवला तरी हा सूर्य मावळतो मात्र नेमका पश्चिमेलाच. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणे थेट मूर्तीपर्यंत पोहोचणे, घडतो तो सूर्यास्ताची जागा वर्षभर सरकत असल्यामुळे, आणि म्हणून ३१ जानेवारी व ९ नोव्हेंबरच्या सुमारासच लोक देवळात दाटीने उभे राहतात. खेळात पश्चिमाभिमुख देऊळ बांधले की दर वीस मिनिटांनी किरणोत्सव! अर्थात तोही सरळ होत नाही. भिंतींच्या फटींतून खोटे ऊन शिरू नये म्हणून काही शेडर आकाशाच्या उजेडाचा तो ० ते १५ मधला आकडा शून्य असलेल्या जागी थेट ऊनच बंद करतात, आणि खोल गाभाऱ्यात तो शून्यच असतो. कुठे तरी झरोका ठेवावा लागतो.

समईसाठी तू मेणबत्त्या ठेवल्या आहेस, ते योग्य केलेस. एकीचा उजेड ३, चार एकत्र ठेवल्यास १२. पण साध्या शेडरमध्ये या उजेडाने खांबांची सावली पडत नाही, कारण तो जुना आकड्यांचाच उजेड असतो, वर नुसता रंग चढवलेला. त्यासाठी किरणांचा माग काढणारा शेडर लागतो आणि तुझा लॅपटॉप त्याखाली गुडघे टेकेल.

आता टेक्स्चर. मूळ चित्र १६ गुणिले १६ बिंदूंचे. १२८ चे घेतलेस तर प्रत्येक ठोकळ्याला ६४ पट बिंदू, ५१२ चे घेतलेस तर १,०२४ पट, आणि हे सगळे ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत राहते. माझ्या मते ३२ किंवा ६४ पुरे. मात्र त्यात उंचसखलपणा आणि चकाकी यांचे नकाशे असावेत, म्हणजे तिरप्या उन्हात काळ्या दगडावरच्या टाकीच्या खुणा उठतील आणि पावसात तो दगड ओला दिसेल. गजपट्टातले, म्हणजे मंदिराच्या तळाशी ओळीने कोरलेले, हत्ती त्या नकाशांच्या भरवशावर सोडू नकोस. समोरून ते उठावदार भासतात, पण कोपऱ्यावरून पाहिले की ठोकळ्याची कड सपाटच राहते आणि सोंड हवेत तुटल्यासारखी दिसते. ते ठोकळ्यांनीच घडवा, ओबडधोबड झाले तरी चालतील.

मांडणी सोपी आहे. संगणकावरच्या जावा आवृत्तीवर शेडर चालवणारे आयरिस आणि त्याच्या जोडीला खेळ वेगवान करणारे सोडियम घाल. जुन्या यंत्रावर ही जोडी मला तेच काम करणाऱ्या जुन्या ऑप्टिफाइनपेक्षा हलकी वाटते. सुरुवात कॉम्प्लिमेंटरी किंवा बीएसएल या शेडरपासून कर. झिप उघडू नकोस, जशीच्या तशी शेडरपॅक्सच्या फोल्डरमध्ये टाक. मॉडरिंथ हे संकेतस्थळ सोडून भलत्याच ठिकाणाहून काही उतरवू नकोस. ईशाच्या टॅबवर बेडरॉक आवृत्ती आहे, तेथे हे शेडर चालणार नाहीत. जून २०२५ पासून त्या आवृत्तीत व्हायब्रंट व्हिज्युअल्स हा ऊन-सावली दाखवणारा पर्याय आला आहे, पण तोही ठरावीक उपकरणांवरच; सेटिंगमध्ये दिसला तर तिला लावून दे.

आणि एक. तेरा फुटांचे छिद्र म्हणजे चार मीटर, म्हणजे चार ठोकळे. तेवढ्यात गोल साधत नाही, उन्हाचा तुकडा पायऱ्यापायऱ्यांचा पडतो. सगळे मंदिर दुप्पट मापाने बांधायची तयारी असेल तर आठ ठोकळ्यांत वर्तुळ बरेच जमते. ईशा कुरकुरेल, पण खांब अजून कोरलेले नाहीत तोवरच हे ठरवा, आणि काय ठरले ते कळव.

वहिनींना नमस्कार, ईशाला आशीर्वाद.

तुझा,
सुहास