‘कायम’ गोठलेली जमीन कायमची नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उत्तर ध्रुवाकडील तापमानवाढीची बातमी आली की सोबत हिमनगाचे किंवा अस्वलाचे छायाचित्र ठरलेले असते. तिथल्या गोठलेल्या पीटभूमीचा मात्र त्यात उल्लेखही नसतो. अनेक वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला ही उणीव फार जाणवते. पीट म्हणजे कोळशाची कच्ची अवस्था, एवढेच आपण शाळेत शिकतो आणि पुढे सरकतो.

हिमयुग सरल्यावर सायबेरिया, कॅनडा आणि उत्तर युरोपच्या दलदलींत स्फॅग्नम मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीचे थर साचत गेले आणि पाण्याखाली प्राणवायू न मिळाल्याने ते पुरते कुजले नाहीत; तेच हे पीट. पीट आधी साचले, गोठले मागाहून. दक्षिणेकडील सीमेवर तर अनेक ठिकाणी ते गेल्या काही शतकांच्या थंडीतच गोठले. सलग दोन वर्षे शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीलाही शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात, त्यामुळे आपण त्यासाठी योजलेला ‘कायम गोठलेली’ हा शब्दप्रयोग मला फसवा वाटतो. अशा पीटभूमीचे क्षेत्र सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर असून तिच्यात अंदाजे १८५ अब्ज टन कार्बन आहे.

ही जमीन टिकते ती पीटमुळेच. उन्हाळ्यात वरचा थर सुकतो आणि गोधडीसारखा खालचा गारवा राखतो. हिवाळ्यात तोच थर ओला होऊन गोठला की जमिनीतील ऊब सहज बाहेर जाऊ देतो. उन्हाळे लांबले, पाऊस वाढला किंवा जाड बर्फाच्या पांघरुणाने हिवाळी थंडी अडली, की ही घडी विस्कटते. उत्तर स्वीडनमधील अबिस्कोजवळच्या स्टोर्डालेन दलदलीत हे उघड दिसते: गोठलेल्या गाभ्याची, ‘पाल्सा’ नावाची कोरडी टेकाडे खचतात, खळग्यांत पाणी साचते आणि तिथे कापूसगवत उगवते. पाण्याखालच्या कुजण्यातून निघणारा मिथेन या गवताच्या पोकळ देठांतून थेट हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवणारा आहे. खचलेले टेकाड पुन्हा उभे राहायला पुन्हा तशी थंडी यावी लागेल, आणि ती येण्याची चिन्हे नाहीत.

२० जून २०२० रोजी सायबेरियातील व्हेर्खोयान्स्क येथे ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले, तेव्हा आकड्याची चर्चा झाली, त्याखालच्या जमिनीची फारशी नाही. पुढच्या वेळी अशी बातमी छापताना शेजारी या जमिनीविषयी एक छोटी चौकट द्यावी, ही आपणास कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा